माती कोणाची, बांध कोणाचा?

दर वर्षी दिवाळीनंतर माण तालुक्यातल्या आमच्या गावाहून काका बाजरीची पोती पाठवतात. वडील नोकरीसाठी पुण्याला आले तेव्हापासूनचा हा रिवाज. आमच्या हिश्शाची अडीच एकर जमीन काकाच निम्म्या वाट्याने कसतात. वडील गेल्यावर सात-बारावर दादाचे आणि माझे नाव लागले. पोती मात्र येतच राहिली. साधारण चार पोती.

दोन वर्षांपूर्वी दोनच आली. मी फोन केला आणि जरा संशयानेच विचारले, "काका, यंदा पाऊस तर बरा झाला होता ना?"

"पाऊस झाला गं पोरी," काका म्हणाले, "पण रानात माती राहिली नाही."

त्याच आठवड्यात मी गावी गेले. उताराच्या शेतात मधोमध घळ पडली होती. आत उतरले तर कमरेपर्यंत बुडाले. वरच्या अंगाला नुसता मुरूम उघडा पडलेला. आपल्या देशात दर वर्षी सुमारे ५३३ कोटी टन माती जागा सोडते, हा शास्त्रज्ञांचा १९८३ मधला अंदाज मी स्वतः एका लेखात लिहिला होता. पण ती माती आपल्याही शेतातून जाते, हे त्या दिवशी पहिल्यांदा ध्यानात आले.

"मग बांध का नाही घातलात?" मी विचारले. माझ्या तोंडून त्या वेळी पुतणी नव्हे, जमिनीची मालकीण बोलत होती.

काकांनी टोपी काढून घाम पुसला. "घातला असता. पण ट्रॅक्टरचं भाडं मी भरायचं. दोन-तीन गुंठे बांधाखाली जाणार, त्यातलं पीक माझं बुडणार. माती धरायला चार-पाच पावसाळे लागतात. तोवर तुम्ही रान विकलंत तर? माती तुमची आणि बांधही तुमचाच."

मला उत्तर सुचेना. शेतकऱ्याला मातीचे महत्त्व पटवून दिले पाहिजे, असे आपण शहरात बसून सहज म्हणतो. काकांना ते माझ्याहून जास्त पटलेले होते. अडचण हिशेबाची होती. खर्च आज आणि त्यांचा. फायदा पाच वर्षांनी आणि बहुधा दुसऱ्याचा.

पैसे दिले की प्रश्न सुटतो, असेही नाही. १९७२ च्या दुष्काळात काका पंधरा वर्षांचे होते. सुकडी खाऊन त्यांनी दुष्काळी कामावर बांध घातले. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर मिळे. "माप झालं, पगार झाला. पुढं त्या बांधाकडं कोण बघतंय? दोन वर्षांत फुटला." त्या मजुरीने कितीतरी घरांच्या चुली पेटत्या राहिल्या, हे खरेच. पण पैसा माती खोदण्याचा होता, माती राखण्याचा नव्हता.

मला तेव्हा सुखोमाजरीची आठवण झाली. चंदीगडचा प्रसिद्ध सुखना तलाव १९५८ साली बांधला आणि काही वर्षांतच तो गाळाने भरू लागला. मृदसंधारणाचे शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी गाळाचा माग काढत शिवालिक टेकड्यांत, हरियाणातल्या सुखोमाजरी या छोट्या गावापर्यंत पोहोचले. शेळ्या-गुरांच्या चराईने तिथले डोंगर बोडके झाले होते. गावकऱ्यांना उपदेश करून भागणार नव्हते. १९७६ पासून तिथे मातीची छोटी धरणे बांधली गेली. पाण्याचा वाटा भूमिहीनांसह प्रत्येक घराला मिळाला. त्या बदल्यात डोंगरावरची चराई गावाने स्वतःहून बंद केली. पूर्वी ठेकेदाराला जाणारे डोंगरावरचे गवत गावच्या सोसायटीला मिळू लागले. डोंगर हिरवा राहिला तर आपल्याच म्हशीला चारा, हे कळल्यावर राखणदार नेमावा लागला नाही. तलावात येणारा गाळ झपाट्याने घटला. पुढे उत्पन्नाच्या वाटपावरून आणि करावरून वादही झाले. पण ज्याने राखायचे त्याच्या पदरात काहीतरी पडले पाहिजे, हे त्या गावाने दाखवून दिले.

पुण्याला आल्यावर मी दादाशी बोलले. तो लगेच म्हणाला, "पैसे आपण घालायचे आणि वाटाही कमी घ्यायचा? उद्या लिहून दिलं तर काका कूळ लागतील!"

वहिनी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "अहो, माती वाहून गेल्यावर ती जमीन विकणार तरी कोणाला?"

दादा गप्प झाला. शेवटी ठरले असे : ट्रॅक्टरचे भाडे आम्ही भरायचे, दहा वर्षे जमीन विकायची नाही आणि पाच वर्षे निम्म्याऐवजी चौथाई वाटा घ्यायचा.

यावर काकांनीच एक अट घातली. "सूट आत्ता देऊ नका. पावसाळा सरला की रानात या. बांध उभा असेल तर त्या सालची सूट द्या. नाहीतर माझंही लक्ष राहायचं नाही."

मे महिन्यात उताराला आडवे बांध पडले. पाणी जायला दगडी सांडवा केला. बांधावर काकूंनी मारवेल गवताचे ठोंब लावले. त्याच्या चाऱ्याचा भारा पहिल्याच वर्षी म्हशीपुढे पडला. यंदा ऑगस्टमध्ये एका रात्रीच्या पावसात बांध सांडव्याजवळ खचला. काकांनी पहाटेच दगड रचून तो सावरला आणि मग मला फोन केला.

दिवाळीनंतर आमच्या वाट्याला दीड पोते आले. दादाने हिशेब मांडला. चौथाईचे दीड, म्हणजे रानात सहा पोती पिकली. घळ पडली त्या वर्षी चारच पिकली होती. पाऊस चांगला होता, तेव्हा सगळे श्रेय बांधाला देता येणार नाही. घळ अजून पुरती भरलेली नाही.

सरकारी अनुदानही बऱ्याचदा सात-बारावरचे नाव पाहून दिले जाते. बांध राखणारे हात मात्र अनेक ठिकाणी दुसऱ्याचे असतात. आपल्यापैकी कितीतरी जणांची अशी जमीन गावाकडे कोणी काका, मामा, चुलतभाऊ कसत असतील. त्यांना एकदा विचारून पाहावे, बांध कोणाच्या खर्चाने घातला आहे?

आम्ही काकांना सूट दिली, असे दादा अजून म्हणतो. काका म्हणतात, "सूट कसली? माती राखल्याची मजुरी आहे ती." मला काकांचेच म्हणणे बरोबर वाटते.