ब्रेकची तार

मुलांनो, आज तुम्हाला माझ्या सायकलची गोष्ट सांगते. या गोष्टीत एक मोठी चूक आहे आणि ती खुद्द बाईंची, म्हणजे माझीच आहे. शिक्षकांच्या चुका ऐकायला तुम्हाला किती आवडतं, ते मला चांगलं ठाऊक आहे! तेव्हा नीट ऐका. जमलं तर आई-बाबांनाही शेजारी बसवून घ्या, कारण सायकलचे पैसे शेवटी त्यांच्याच खिशातून जातात.

डी.एड. झाल्यावर २०१३ मध्ये माझी नेमणूक भोर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत झाली. शाळा सह्याद्रीच्या अगदी कुशीत. मी खोली घेतली होती तिथून शाळा नऊ किलोमीटर. एस.टी. दिवसातून दोनदाच यायची, आणि दोन्ही वेळा शाळेच्या वेळेशी फटकून! म्हणून मी सायकल घ्यायचं ठरवलं.

आमच्या लहानपणी जाड टायरची, सरळ हँडलची सायकल दिसली की सगळी मुलं तिला 'रेंजर'च म्हणायची. मग ती कुठल्याही कंपनीची असो. तशी सायकल हवी असं माझं जुनं स्वप्न होतं. दुकानात गेले आणि जी सगळ्यांत जास्त चमकत होती, तिच्यावर बोट ठेवलं. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, एकवीस गियर, दांडीवर ज्वाळांची चित्रं. वाटलं, हिच्यावर बसले की डोंगर आपोआप खाली वाकेल.

डोंगर काही वाकला नाही, मीच वाकले! सायकल विलक्षण जड. आणि चढावर पायडल दाबलं की मागची स्प्रिंग खाली बसायची, पाय उचलला की वर यायची. माझी निम्मी ताकद पुढे जाण्याऐवजी वरखाली झुलण्यात चालली होती. झोपाळ्यावर बसून घाट चढतेय, असं वाटायचं. महिन्याभरात ती सायकल भिंतीला टेकली.

मग बाजारपेठेतल्या एका म्हाताऱ्या सायकलवाल्या काकांकडे गेले. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "बाई, तुमचा रस्ता कसा आहे?"

गंमत बघा, सायकल घेताना रंग, गियर, किंमत सगळं बघितलं होतं. रस्त्याचा विचारच केला नव्हता! मी सांगितलं, "पाच किलोमीटर डांबरी, तीन मुरमाचा, एक भातखाचरांच्या बांधालगतचा. पावसाळ्यात चिखल. येताना मोठा उतार." काका म्हणाले, "मग सायकल निम्मी ठरलीच की."

तुम्ही सायकल घ्याल तेव्हा हेच करा. आधी कागदावर तुमचा रस्ता काढा. कुठे डांबर, कुठे खडी, कुठे चढ, ते लिहा. सगळा रस्ता गुळगुळीत असेल, तर जाड, दातेरी टायरची सायकल कशाला? ती डांबरावर घुर्र घुर्र करत तुमची ताकद खाते. रस्ता आमच्यासारखा पंचमेळ असेल तर मात्र ती खरी सोबतीण. काकांनी मला मधला मार्ग काढून दिला. मागे स्प्रिंग नाही. पुढचा फोर्क साधाच, पण मजबूत. टायर सुमारे दोन इंच रुंद. मधे कमी खडबडीत, कडेला दातेरी. म्हणजे डांबरावर मधला भाग धावतो आणि चिखलात कडेचे दात पकडतात. स्वस्तातल्या स्प्रिंगा वजन वाढवतात आणि लवकर कुरकुरतात. त्यापेक्षा जाड टायरमधली हवाच बरेच धक्के पचवते.

नंतर त्यांनी मला दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभं केलं. दांडी आणि शरीर यांत किमान दोन इंच जागा हवी. खडबडीत रस्त्यावर एकदम उतरावं लागलं, तर दांडी लागता कामा नये! मग सीटची उंची. पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवली, की गुडघा जवळजवळ सरळ व्हावा. पायडल मारताना पायाचा चवडा ठेवला, की गुडघा आपोआप थोडा वाकतो. 'पुढच्या वर्षी उपयोगी पडेल' म्हणून आई-बाबा दोन मापं मोठी सायकल घेतात ना, त्यांना हे जरूर वाचून दाखवा. मोठा शर्ट चालतो, मोठी सायकल पाडते.

आता थोडं गणित. घाबरू नका, सोपं आहे. माझ्या सायकलला पुढे तीन चक्रं आणि मागे सात, म्हणून एकवीस गियर. पुढच्या मोठ्या चक्राला ४२ दात, मागच्या सर्वांत लहान चक्राला १४. ४२ भागिले १४ किती? तीन. म्हणजे पायडलची एक फेरी झाली की मागचं चाक तीनदा फिरतं. चाकाचा घेर साधारण दोन मीटर. म्हणजे एका फेरीत सहा मीटर! हा सपाटीचा गियर. आता पुढचं लहान चक्र २४ दातांचं आणि मागचं मोठं २८ दातांचं घ्या. चाक पुरती एक फेरीही घेत नाही. सायकल जेमतेम पावणेदोन मीटर जाते, पण पाय मात्र हलके चालतात. हा चढाचा गियर. जितकं अंतर कमी, तितका जोर कमी. फक्त पुढचं मोठं आणि मागचंही मोठं, किंवा दोन्ही लहान, अशी जोडी लावू नका. साखळी तिरकी ताणली जाते आणि लवकर झिजते. आणि गियर चढाच्या आधीच बदला, चढावर पायडल जोरात दाबून धरलेलं असताना नको.

अशी ही सायकल तीन वर्षं माझ्यासोबत सुखाने धावली. आता चुकीकडे वळते.

२०१६ चा ऑगस्ट महिना. शुक्रवार होता. सातवीतला एक मुलगा जादा तासाला थांबला होता. निघताना बघतो तर त्याची सायकल पंक्चर. त्याची वस्ती चार किलोमीटर खाली, आभाळ भरून आलेलं. मी म्हटलं, "माझी ने. उद्या सकाळच्या शाळेला घेऊन ये. मी गुरुजींच्या मोटारसायकलवरून जाते." त्याच्यासाठी सीटसुद्धा खाली करून दिली. पोरगा खुशीत गेला.

शनिवारी तो शाळेत आला नाही. त्याचे वडील आले, माझी सायकल हाताने ढकलत. सायकल धुऊन आणली होती. म्हणाले, "बाई, पोराचं मनगट मोडलंय. सायकल तेवढी नीट हाय, बघून घ्या."

मला काय बोलावं ते कळेना. उतारावर पुढच्या ब्रेकची तार तुटली होती. मागच्या ब्रेकचे रबर झिजलेले, त्यात रिम ओली. सायकल काही थांबली नाही. वळणावर मुरमावरून घसरून तो ओढ्याच्या कडेच्या गवतात पडला. डोक्याला लागलं नाही, हे नशीब. हेल्मेट त्याच्याजवळ नव्हतं आणि मीही दिलं नव्हतं.

संध्याकाळी त्याच्या घरी गेले. हात प्लॅस्टरमध्ये. माझ्याकडे बघून त्याने विचारलं, "बाई, तार तुटणार आहे हे आधी दिसतं का हो?"

त्याला फक्त माहिती हवी होती. पण मला उत्तर द्यायला फार जड गेलं. कारण दिसतं, मुलांनो. ब्रेकची तार म्हणजे एक जाड तार नसते, बारीक तारांचा पीळ असतो. हँडलच्या मुठीपाशी, जिथे ती ब्रेकच्या दांडीत अडकवलेली असते, तिथे एकेक बारीक तार आधी तुटते आणि केसासारखी बाहेर येते. माझ्या सायकलच्या अशा दोन तारा बाहेर आल्या होत्या. मंगळवारी माझ्या बोटाला टोचल्याही होत्या. आणि मी मनात म्हटलं होतं, 'रविवारी बघू.'

हे सगळं मी त्याला सांगितलं. खोटं बोलता आलं असतं, पण मग उद्या वर्गात 'गृहपाठ का नाही केला, खरं सांग' असं कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "मग बाई, आपण शनिवारी बघत जाऊ."

तेव्हापासून दर शनिवारी शाळा सुटली की आमच्या मैदानात सायकली ओळीने लागतात. मुलांनी एक घोषणाही तयार केली आहे: 'हवा, ब्रेक, साखळी, मगच गाडी मोकळी!' त्यातला एकेक शब्द आता समजून घेऊ.

हवा. टायरच्या बाजूला कमीत कमी आणि जास्तीत जास्त हवेचा आकडा छापलेला असतो. त्या दोन आकड्यांच्या मधे राहा. डांबरी रस्त्याला हवा थोडी जास्त, चिखल-मुरमाला थोडी कमी. हवा कमी केली की टायर जमिनीवर जास्त पसरतं आणि पकड वाढते. पण फार कमी केलीत, तर खड्ड्यात रिम आपटते, ट्यूब चिमटते आणि पंक्चर ठरलेलं! पेट्रोल पंपावरच्या यंत्राने हवा झपकन भरते, तिथे जपून.

ब्रेक. दोन्ही दांड्या घट्ट दाबा. दांडी मुठीला टेकली, तर ब्रेक सैल आहे. रबरावर खाचा असतात. त्या दिसेनाशा झाल्या की रबर बदला. तार मुठीपाशी आणि ब्रेकपाशी निरखून बघा. एक जरी बारीक तार सुटलेली दिसली, तरी त्याच दिवशी बदला. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो, म्हणून पावसात लवकर आणि बेताने दाबा. डिस्क ब्रेक चिखलपाण्यात चांगले काम करतात, पण त्यांच्या चकतीला तेलाचं बोटसुद्धा लागू देऊ नका. आणि उतारावर नुसता पुढचा ब्रेक कचकन दाबला, तर सायकल थांबते आणि आपण पुढे जातो! दोन्ही ब्रेक सोबत वापरायचे.

साखळी. इथे तुमच्या दप्तरातली बारा इंची फूटपट्टी कामाला येते. साखळीतल्या एका खिळ्याच्या मध्यावर शून्य धरा. नव्या साखळीत बरोबर बारा इंचावर दुसऱ्या खिळ्याचा मध्य येतो. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल, तर साखळी बदलायला झाली. एक अष्टमांश गेला, तर तिने चक्राचे दातही खाल्लेले असणार, आणि मग खर्च मोठा. साखळी फडक्याने पुसा, प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब टाका, पायडल फिरवा आणि वरचं तेल पुसून घ्या. तेल आत हवं, बाहेर नको. बाहेरच्या तेलाला धूळ चिकटते. खोबरेल तर मुळीच नको, ते थंडीत थिजतं. पावसाळ्यात हे काम दर आठवड्याला. सायकल धुताना बादली आणि फडकं पुरे. सर्व्हिसिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याने पाणी छऱ्यांपर्यंत जातं आणि ग्रीस धुऊन निघतं.

ग्रीसवरून आठवलं. डोंगरी सायकलचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात मरिन काउंटी नावाच्या भागात झाला. १९७० नंतरच्या दशकात तिथले काही तरुण जाड टायरच्या जुन्यापान्या सायकली घेऊन डोंगरावरून खाली सुटायचे. ब्रेक कसले, तर पायडल उलटं दाबलं की मागच्या हबमध्ये लागणारे. खाली पोहोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. मग हब उघडून त्यात नवं ग्रीस भरायचं. पुन्हा भरण्याला इंग्रजीत म्हणतात 'रीपॅक', म्हणून त्या उताराचं नावच पडलं रीपॅक! १९७६ मध्ये तिथे शर्यती सुरू झाल्या. १९७७ मध्ये त्यांच्यातल्या जो ब्रीझने खास डोंगरासाठी नवी सायकल तयार केली आणि १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोहोचला. पण मला त्यातलं आवडतं ते हे, की त्या उताराला कोणा विजेत्याचं नाव मिळालं नाही. नाव मिळालं ते दुरुस्तीच्या कामाला.

आमच्या त्या मुलाचं मनगट बरं झालं. आज तो चांगला उंच झालाय. परवा बाजारात भेटला. मी सायकल धरून उभी होते. त्याने आधी माझ्या दोन्ही ब्रेकच्या दांड्या दाबून बघितल्या, मुठीपाशी वाकून तार बघितली, आणि मग म्हणाला, "नमस्कार बाई."

मला राग आला नाही. पास झाले म्हणून बरंच वाटलं!

तर मुलांनो, हे वाचून झालं की अंगणात जा. तुमची सायकल बघा. भावाची बघा, आणि आजोबा दूध घालायला नेतात तीही बघा. तारेची एखादी बारीक काडी बाहेर आलेली दिसली, तर रविवारची वाट बघू नका.