खजाना विहिरीच्या काठी

मंडळी, बाजारहाटाला बीडला गेलात तर गावाबाहेरची खजाना विहीर पाहून या. निजामशाहीत, १६ व्या शतकात, सलाबतखानाने ती बांधवली. सारा खजिना तिच्यापायी खर्ची पडला म्हणून हे नाव, असे लोक सांगतात. ना मोट, ना इंजीन. पाणी भुयारी पाटाने, आपल्या उताराने शिवारात जाते.

हे भुयार पोरांना दाखवायचे कसे? आत उतरणे धोक्याचे. आता आभासी चष्मा निघाला आहे. दोन डोळ्यांपुढे दोन किंचित वेगळी चित्रे येतात, मान वळवली की देखावाही वळतो. बसल्या जागी आपण भुयारात उभे आहोत असे वाटते. २०१४ साली गुगलने पुठ्ठ्याचा चष्मा काढला. त्यात मोबाइल बसवायचा, की झाले.

पण आपल्याकडची कित्येक पोरे दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. शाळेत चष्मा आला, तरी तो पाहायला पोर गावात नको का? म्हणून आधी त्याला आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायची तजवीज करा. चष्मा भुयार दाखवील; पाणी वर का चढत नाही, हे गुरुजीच समजावतील. आणि एखाद्या रविवारी पोराला घेऊन या विहिरीवर याच.