वाळवीने घडवलेलं वाद्य

माउंट आयझात शिरताना दुरूनच दिसते ती शिशाच्या भट्टीची २७० मीटर उंच चिमणी. बाकी चहूकडे तांबडी माती. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमधल्या या खाणींच्या गावात १९८१ साली विल्यम बार्टन जन्मले. मुलूख काल्काडुंगा या आदिवासी लोकांचा. आर्थर पीटरसन या वडीलधाऱ्यांनी त्यांना डिजेरिडू शिकवलं, आणि सतराव्या वर्षी हा मुलगा क्वीन्सलंड सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर वाजवत होता!

वाद्य तरी कसलं? वाळवीने आतून पोखरलेलं युकॅलिप्टसचं खोड. जाणता माणूस बुंध्यावर ठोकून आवाजावरून पोकळ झाड ओळखतो. साल काढायची, आतला भुसा झाडायचा, तोंडाशी मेणाची कड लावायची. भोकं नाहीत, जिव्हाळी नाही. आपल्या तानपुऱ्यासारखा एक षड्ज धरून बसलेली ही नळी.

तरीही ती बोलते! मी वादकाच्या गालांकडेच बघत राहिलो. गालात साठवलेली हवा नळीत ढकलली जात असतानाच नाकाने नवा श्वास आत जातो, म्हणून सूर तुटतच नाही. त्याच सुरात मध्येच घशातून कुकाबुरा पक्ष्याचं खिदळणं उमटतं, डिंगो या रानकुत्र्याचं विव्हळणं उमटतं. अंगावर काटा आला.

प्रत्येक नळीचा मूळ सूर ठरलेला, त्यामुळे रचनेच्या पट्टीप्रमाणे नळी निवडावी लागते. ऑर्केस्ट्रात बसायचं तर हे सांभाळावंच लागतं. ऑस्ट्रेलियन संगीतकार पीटर स्कल्थॉर्प यांनी २००४ च्या आपल्या ‘रिक्विएम’मध्ये डिजेरिडूला मानाची जागा दिली. पण मला बार्टन यांचं मोठेपण वाटतं ते संगीतकार म्हणून. संगीतकार मॅथ्यू हिंडसन यांच्यासोबत त्यांनी ‘काल्काडुंगू’ रचलं, आणि त्याच नावाच्या अल्बमला २०१२ मध्ये शास्त्रीय संगीताचा आरिया हा ऑस्ट्रेलियन संगीत पुरस्कार मिळाला. १८८४ मध्ये याच मुलखात, बॅटल माउंटनवर, काल्काडुंगा लढवय्ये घोडेस्वार पोलिसांच्या बंदुकांसमोर उभे राहिले आणि मारले गेले. त्यांच्या लोकांचं नाव ‘काल्काडुंगू’ या शीर्षकातून आज ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमपत्रिकेवर छापलं जातं. बार्टन यांच्या आई डेलमे बार्टन गायिका. मायलेक एकत्र कार्यक्रम करतात.

स्कल्थॉर्प यांची ‘अर्थ क्राय’ ही १९८६ ची रचना. डिजेरिडूचा भाग तिच्यात नंतर आला. आधी ती डिजेरिडूविना ऐका, मग बार्टन यांच्यासह. आणि मोठ्या स्पीकरवर ऐका, मोबाइलवर तो खर्ज पोचत नाही.