दीडशे पेट्यांची खिडकी

संगणक एका सेकंदात कोट्यवधी हिशेब करतो म्हणे. करत असेल! पण त्याच्या पडद्यावर जी खिडकी उघडते, तिचा कारभार आमच्या हातखंब्याच्या तिठ्यावरच्या चहावाल्यासारखा एकहाती असतो. मुंबईची, गोव्याची आणि रत्नागिरीची, तिन्हीकडची माणसं एकदम येऊन उभी राहिली तरी तो ऐकणार एकेकाचंच. त्यानं एखाद्याशी गप्पा सुरू केल्या, की बाकीचे ताटकळले!

माझा पुतण्या पुण्याची नोकरी सोडून घरी आला आणि आंब्याच्या पेट्यांच्या नोंदीसाठी त्यानं एक प्रोग्राम लिहिला. खिडक्या, बटणं वगैरे तयार साहित्य 'टीके' नावाचं. ते १९९०च्या सुमारास अमेरिकेत बर्कली विद्यापीठात जॉन औस्टरहाउट यांनी केलं. आमचे दादा एवढंच म्हणाले, "हा हंगाम बघतो. नाहीतर परत पुण्याला."

पहिल्याच दिवशी दादांनी २५ पेट्या लिहून 'नोंद' या बटणावर टिचकी मारली. खिडकी थिजली. दादांनी वैतागून लागोपाठ आणखी पाच टिचक्या मारल्या. पाचेक सेकंदांत विंडोजनं 'प्रतिसाद देत नाही' असं जाहीर करून हात झटकले. चार मिनिटांनी खिडकी जागी झाली, ती १५० पेट्या लिहूनच!

"कलमांना लागल्या पंचवीस आणि तुझ्या यंत्राला दीडशे! उद्यापासून खत यंत्रालाच घालू."

पुतण्यानं प्रत्येक कामाच्या आधी आणि नंतर किती वाजले ते छापून पाहिलं. चोर सापडला. प्रत्येक नोंदीबरोबर प्रोग्राम इंटरनेटवरून बाजारभाव आणायला जायचा आणि आमच्या घरच्या रेंजमुळे उत्तराला चाळीस सेकंद लागायचे. तेवढा वेळ सगळं ठप्प. स्वतःला पुन्हा रंगवणं हेदेखील खिडकीच्या रांगेतलंच एक काम, म्हणून तीही पांढरीफटक. दादांच्या टिचक्या मात्र हरवल्या नव्हत्या. त्या शिस्तीत रांगेत उभ्या होत्या. पाळी आल्यावर प्रत्येकीनं २५ पेट्या लिहिल्या.

"या रांगेच्या फेऱ्याला इव्हेंट लूप म्हणतात, काका," पुतण्या म्हणाला. "चहावाला चहा उकळेपर्यंत स्टोव्हपाशी उभा राहतो का? पोऱ्याला सांगतो नि पुढचं गिऱ्हाईक घेतो."

मग भाव आणायला एक पोऱ्या नेमला. त्याला थ्रेड म्हणतात. अट एकच: पोऱ्यानं खिडकीला हात लावायचा नाही. भाव चिठ्ठीवर लिहून ठेवायचा. मालक सेकंदातून दहा वेळा चिठ्ठी आली का ते बघेल. शिवाय नोंद वहीत पडेपर्यंत बटण बंद.

आता दादांनी टिचकी मारली की खिडकी म्हणते, 'नोंद झाली. भाव येतो आहे.' आणि लगेच पुढची नोंद घेते.

"थांबा म्हणायला शिकलं," दादा म्हणाले, "म्हणजे चांगला कारकून झालं."

हंगाम संपत आलाय. पुण्याहून पुतण्याला परत बोलावणं आलं आहे. त्याचं काय ठरलं, असं मी दादांना हळूच विचारलं.

"नोंद घेतलीय," ते म्हणाले. "उत्तर आलं की कळवीन." आणि पुढच्या पेट्या मोजायला लागले.