गाडी जुनी, बिलं नवी

सेकंडहँड एसयूव्ही घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करावी. गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. आमची डिझेल गाडी २०१७ची. नवी असताना ती १५ लाखांच्या पुढे पडली होती, आम्हाला पुण्यातल्या एका मालकाकडून ६ लाख ४० हजारांना मिळाली. पण पार्टच्या दुकानात गेलं की काउंटरवरचा माणूस मॉडेल आणि साल विचारतो, तुम्ही गाडी कितीला घेतली हे विचारत नाही. क्लच १५ लाखांच्या गाडीचाच लागतो आणि बिलही तसंच येतं.

गाडी बघायला जाताना कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या आमच्या नेहमीच्या मिस्त्रींना बरोबर नेलं होतं. त्यांनी बॉनेट सगळ्यात शेवटी उघडलं. आधी सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून काढला. पुरात बुडालेल्या गाडीची सीटकव्हरं बदलतात, कार्पेट धुऊन टाकतात, पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहून जाते. २०१९चा महापूर पाहिलेला माणूस हे तपासायला विसरत नाही. मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचले : २३१८, म्हणजे २०१८च्या तेविसाव्या आठवड्यातला माल. नक्षी शिल्लक होती, पण रबर कडक होऊन बारीक चिरा पडल्या होत्या. स्कॅनर लावून मीटरचा आकडा आणि सर्व्हिसच्या नोंदी जुळतात का ते पाहिलं. शेवटी म्हणाले, "इंजिनला गाडी चांगली हाय सर, खालनं मात्र काम काढणार."

टायरचं बिल आल्या आल्याच भरलं. सतरा इंची चार टायर, ४६ हजार. बॅटरीचे साडेसात हजार वेगळे. विमाही मनात धरला होता त्यापेक्षा महाग पडला, कारण नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर येत नाही. पॉलिसी नावावर करून घ्यायलाही गाडी हस्तांतरित झाल्यापासून १४ दिवसांचीच मुदत असते.

मिस्त्री म्हणाले तसं खालचं काम निघालंच. स्पीडब्रेकरवरून उतरताना पुढून टकटक यायला लागली. सर्व्हिस सेंटरने दोन्ही लोअर आर्म बदलायचं इस्टिमेट दिलं, १४ हजारांच्या वर. उद्यमनगरात गाडी रॅम्पवर चढवली, मिस्त्रींनी आर्मच्या खाली टॉमी घालून दाब दिला, तर बुशचं रबर फाटून आतली लोखंडी नळी मोकळी हलताना दिसली. बॉलजॉइंट मात्र घट्ट होते. मग आर्म तेच ठेवून नुसते बुश प्रेसवर बदलले, मजुरीसकट ३,२०० रुपये. लिंक रॉडचे २,४०० झाले. शॉकअब्सॉर्बरला असा काही इलाज नव्हता. एकाला तेल सुटलेलं, आणि बदलायचे तर जोडीनेच. पुढच्या जोडीला ११ हजार गेले. फाटक्या बुशावर तशीच गाडी चालवली असती, तर नव्या टायरची आतली कड खाल्ली गेली असती.

खरा दणका क्लचचा. आंबोलीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की इंजिनचा आवाज चढायचा, गाडी मात्र जागची फारशी हलायची नाही. वर जळका वास. प्लेट गेली होती हे सांगायला कुणी नको होतं. पण इंजिन बंद करताना जी खडखड यायची ती फ्लायव्हीलची निघाली. मोठ्या डिझेल गाड्यांत बऱ्याचदा दोन थरांचं फ्लायव्हील असतं. मधल्या स्प्रिंगा इंजिनचे धक्के जिरवतात, आणि त्या सैल झाल्या की खडखड सुरू होते. एकट्या फ्लायव्हीलला २४ हजार. नुसती प्लेट टाकून वेळ मारून नेता आली असती, पण दोन्हीसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. सहा महिन्यांनी तीच मजुरी परत कोण भरणार? क्लचसेट, फ्लायव्हील आणि लेबर मिळून ४६ हजार झाले. काम २२ सप्टेंबर २०२५ नंतर निघालं हे त्यातल्या त्यात बरं, कारण त्या दिवसापासून सुट्या भागांवरचा २८ टक्के जीएसटी १८वर आला.

डिझेलचं आणखी एक दुखणं गाडीच्या वापरातून येतं. रोज घर ते शाळा, शाळा ते बाजार एवढंच फिरणं असलं की इंजिन नीट तापतच नाही. धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने चोंदतो, पिकअप मरतो, डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागतो. आमचा व्हॉल्व्ह खोलला तर आत डांबरासारखा काळा थर. साफ करून बसवायला २,८०० लागले, नवा १३ हजारांना होता. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टरही असतो. तो असाच भरला तर खर्च याहून मोठा.

एसीची कूलिंग कॉइल गळाली तेव्हा पार्टपेक्षा डॅशबोर्ड उतरवण्याचीच मजुरी डोळ्यांत भरली. एकूण १३,५०० रुपये.

नेहमीच्या सर्व्हिसिंगचं ऑइल-फिल्टर सोडून ही सगळी बेरीज १ लाख ३२ हजारांच्या घरात जाते, म्हणजे गाडीच्या किमतीचा पाचवा हिस्सा. तरी यात इंजिन किंवा गिअरबॉक्स खोलावा लागलेला नाही. जे गेलं ते झिजणारंच होतं. नवी घेतली असती तर घसाऱ्यातच याहून जास्त गेले असते, त्यामुळे सौदा मला महाग वाटत नाही. मात्र ६ लाख हाताशी असतील तर गाडी ५ लाखांचीच बघावी आणि उरलेले पैसे गॅरेजसाठी बाजूला ठेवावेत. कर्ज काढून, शेवटचा रुपया मालकाच्या हातात देऊन मोठी गाडी दारात आणायची असेल, तर त्याच पैशांत अलीकडची छोटी पेट्रोल गाडी घेतलेली बरी. शहरातल्या शहरात चार-पाच किलोमीटर फिरणाऱ्याला तर तीच जास्त मानवेल.