प्रश्नावलीबाहेरचं उत्तर

दुसरी पाळी सुटल्यावर चाकणजवळच्या महाळुंग्यातल्या एका खोलीवर प्रबंधासाठी मुलाखत झाली. "कंपनी कोणती?" यावर कंत्राटी कामगार गप्प राहिला आणि मग त्याने ठेकेदाराचं नाव सांगितलं. रोज ज्या गेटातून आत जातो, ती कंपनी त्याला आपली म्हणवेना.

प्रश्नावलीत या गप्प बसण्याला रकाना नाही. आमच्या एमएच्या वर्गात मात्र तेही उतरवून घ्यायला शिकवतात: विराम, हसू, मध्येच वाजलेला मुकादमाचा फोन. मग ओळ न् ओळ वाचून कोडिंग, म्हणजे बोलण्यातल्या अर्थांना नावं देणं. समाजशास्त्रज्ञ ग्लेझर आणि स्ट्रॉस यांनी १९६७ मध्ये हीच वाट दाखवली: सिद्धान्त आधी ठरवू नका, माहितीतून वर येऊ द्या. आणि आपल्या पुण्यात डेक्कन कॉलेजच्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे तर त्याच्याही कितीतरी आधी गावोगाव हिंडून माणसांशी बोलत होत्या.

चाकण पट्ट्यातल्या गाड्यांचे आकडे सगळ्यांना ठाऊक असतात. त्या जोडणाऱ्यांचं बोलणं कुठे नोंदलेलं असतं?

प्रबंधात त्या कामगाराचं नाव, गाव, खोली काहीही येणार नाही. ओळख पटली तर त्याची रोजी जाईल. मित्रांनो, रेकॉर्डर सुरू करण्याआधी संमती घ्या आणि नकार आला तर मुकाट्याने उठा.