पाहुण्यांची यादी

याद्या करण्याचा मला जुना नाद आहे. मुख्याध्यापक असताना तर तो माझ्या कामाचाच भाग होऊन बसला होता. स्नेहसंमेलन असो वा सहल असो, कागदावर यादी उतरली की निम्मे काम झाले, असे मी शिक्षकांना नेहमी सांगत असे. त्यामुळे आमच्या छकुलीचा, म्हणजे माझ्या नातीचा, पहिला वाढदिवस जवळ आला, तेव्हा मी चष्मा पुसून नवी वही उघडली आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत 'पाहुणे' असे शीर्षक घातले, यात नवल ते काय?

आम्ही वाकोल्यास राहतो. सांताक्रूझच्या पूर्वेकडील हा भाग. एका अंगास द्रुतगती महामार्गावरील पूल, दुसऱ्या अंगास मिठी नदीला जाऊन मिळणारा वाकोला नाला, आणि डोक्यावर विमानतळाची विमाने. विमान जाऊ लागले की बोलणे अर्धवट सोडून क्षणभर थांबावयाचे, अशी आमच्या घराची रीतच पडून गेली आहे. घर दोन खोल्यांचे. त्यात माझी अठ्ठ्याऐंशी वर्षांची आई, आम्ही उभयता, मुलगा, सून आणि या सर्वांवर राज्य करणारी छकुली.

यादी भराभर वाढू लागली. नातेवाईक झाले, जुने सहकारी झाले, आता मोठ्या हुद्द्यांवर असलेले माझे विद्यार्थी झाले. सकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळींना तरी कसे वगळावे? आकडा १७४ वर जाऊन थांबला. एवढी माणसे दोन खोल्यांत मावणार नव्हती, हे उघडच होते. तेव्हा पुढल्या पानावर मी सभागृह, मंडप, आचारी, रोषणाई असे रकाने पाडले. बेरीज पाहून छातीत धस्स झाले. पण पहिला वाढदिवस काय पुन्हा पुन्हा येतो, अशी मी मनाची समजूत घातली.

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली. तिने यादी शांतपणे वाचली आणि विचारले,

"बाबा, यांतल्या किती जणांकडे छकुली रडल्यावाचून जाते?"

इतक्यात डोक्यावरून विमान गेले आणि मी उत्तर देण्यातून वाचलो. पण तो प्रश्न मात्र मला सोडीना. रात्री सर्व निजल्यावर मी पुन्हा वही उघडली आणि ज्यांच्याकडे छकुली हसत जाते त्यांच्या नावांपुढे खुणा करू लागलो. खुणा झाल्या नऊ! उरलेली १६५ माणसे मी तिच्यासाठी नव्हे, तर माझ्या स्वतःच्या मोठेपणासाठी बोलावीत होतो. माझी मलाच लाज वाटली. मी ते पान उलटले आणि छकुलीचे वर्ष कोणाच्या आधाराने पार पडले, ते आठवू लागलो.

ती जन्मली त्या पहाटे श्रावणाची सर कोसळत असता दाराशी रिक्षा आणून उभी करणारा शेजारच्या गल्लीतील रिक्षावाला आठवला. तिला पहिले तीन महिने न्हाऊमाखू घालणारी, वाकोला गावठाणातील ईस्ट इंडियन मावशी आठवली. छकुली कितीही रडत असली तरी वाडग्यावर बोटांनी ताल धरून तिला हसविणारा, खालच्या मजल्यावरील सातवीतला मुलगा आठवला. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने आणि नऊ महिने, अशा प्रत्येक लशीची वेळ आमच्याआधी जिच्या ध्यानात असे, ती महापालिकेची आरोग्यसेविका आठवली. आणि तिच्यामागोमाग ती मार्च महिन्यातील रात्रही आठवली.

छकुलीला जुलाब सुरू झाले होते. सात महिन्यांचे मूल. दुपारपर्यंत ते पार मलूल झाले. आरोग्यसेविका धावत आली. तिने एक पुडी दिली, एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ती विरघळविण्यास सांगितले आणि बजावले, "चमचा-चमचा पाजीत राहा. दूधही बंद करू नका." डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितले. त्या रात्री पाणी पाजावयास आई बसली. "तू नीज, मी पाजतो," असे मी तिला तीनदा म्हणालो. पण तिने चमचा हातचा सोडला नाही. पहाटे छकुलीने डोळे उघडून चमच्याशी खेळण्यास आरंभ केला, तेव्हा कोठे ती उठली. म्हातारपणी माणूस हट्टी होते, एवढेच मी तेव्हा मनाशी म्हटले.

नवी यादी सतरा जणांची झाली. सभागृहाचे पान मी फाडून टाकले. वाढदिवस घरीच करावयाचे ठरले.

आता प्रश्न दिवसाचा आला. छकुलीचा जन्म ९ ऑगस्ट २०२४ चा. त्या दिवशी नागपंचमी होती. आपले चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते आणि इंग्रजी वर्ष ३६५ दिवसांचे. त्यामुळे २०२५ साली नागपंचमी अकरा दिवस आधी, २९ जुलैलाच आली. आणि ९ ऑगस्टला पाहावे तो राखी पौर्णिमा! आई म्हणाली, "तिथी." मुलगा म्हणाला, "तारीख." मी जुन्या मुख्याध्यापकाच्या थाटात निकाल दिला : तिथीला घरच्या घरी औक्षण आणि तारखेला पाहुणे.

नागपंचमीस काही चिरावयाचे नाही, तळावयाचे नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. सौभाग्यवतीने पुरणाची दिंडे उकडली. संध्याकाळी तबकात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी ठेवून आईने पणतीला ओवाळले. मग ती आत गेली आणि आपल्या पत्र्याच्या पेटीतून एक लहानसे खणाचे झबले घेऊन आली. त्याचा रंग विटला होता. पण घडी मोडलेली नव्हती.

"हे तुझ्या ताईचे," ती मला म्हणाली.

माझ्याआधी घरात एक मुलगी होऊन गेली, एवढेच मला ठाऊक होते. त्याविषयी आई कधीही बोलली नव्हती. त्या दिवशी ती बोलली. १९५७ सालची गोष्ट. आमचे गाव कोकणात, डॉक्टर तालुक्याच्या गावी, आणि मध्ये पावसाळ्याने फुगलेली नदी. ताईला जुलाब लागले. पाणी पाजले तर जुलाब वाढतात, अशी त्या काळी समजूत होती. ताई पाण्यासाठी ओठ हलवीत राहिली आणि घरच्या वडील माणसांच्या सांगण्यावरून आईने तिला पाणी दिले नाही. पहिल्या वाढदिवसाला आठ दिवस उरले असताना ताई गेली. झबले तसेच राहिले.

मार्चमधील त्या रात्री आईने चमचा का सोडला नव्हता, ते मला त्या क्षणी उमगले. मी पुष्कळ पुस्तके वाचली होती. पण शेजारी बसलेल्या आईचे मन अडुसष्ट वर्षांत मला वाचता आले नव्हते.

पुढे राखी पौर्णिमेचा दिवस उजाडला. छकुली दुपारी चारपर्यंत निजते. म्हणून पाहुण्यांना पाच वाजता बोलाविले. दाराला झेंडूचे तोरण लावले. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मूल तोंडात घालते आणि तो घशात अडकतो. म्हणून फुगे आणले नव्हते. पण गावठाणातील मावशी डबा घेऊन आली आणि तिने तो उघडला, तो आत तळलेले, टपोरे, गोल गोल फुगे! ईस्ट इंडियन मंडळींच्या पाहुणचारातील या पदार्थाचे नावच ते. आमच्या घरचा नारळीभात आणि मटकीची उसळ होतीच. छकुलीसाठी मऊ वरणभात निराळा काढून ठेविला होता. सातवीतल्या मुलाने वाडग्यावर ताल धरला. रिक्षावाल्याने रिक्षा दाराशीच उभी केली होती. तिचा भोंगा त्याने छकुलीला स्वतःच्या हातांनी वाजवू दिला, तेव्हा तिच्या मुखावर जो आनंद उमटला, तो कोणत्याही रोषणाईने उमटला नसता.

छकुलीच्या अंगात ते खणाचे झबले होते.

आरोग्यसेविका आईजवळ येऊन बसली. आईने तिचा हात धरला आणि हळूच विचारले, "बाई, ती तुमची पुडी मी तेव्हा आणली असती, तर माझी पोर वाचली असती का गं?"

खोलीत एकदम शांतता पसरली. आरोग्यसेविका म्हणाली, "आजी, तेव्हा ती पुडी निघालीच नव्हती. मग तुम्ही ती आणणार कोठून?"

तिचे म्हणणे खरे होते. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात लक्षावधी निर्वासित भारतात आले. सीमेवरील बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते रोग्यांना तोंडाने पाजण्यास लावले, आणि असंख्य जीव वाचले. त्यानंतर हा साधा उपाय जगभर पसरला. १९७१ साली आपल्या देशात जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १२९ बालके पहिला वाढदिवस पाहत नसत; २०२० साली ही संख्या २८ वर आली. ती शून्यावर यावयाची अजून बाकी आहे.

मी हे सारे आईला समजावून सांगितले. ती काही बोलली नाही. तेवढ्यात डोक्यावरून विमान गेले आणि रीतीप्रमाणे आम्ही सगळे थांबलो. छकुलीने बोट वर केले. आईने पदराने डोळे टिपले.

विमानाचा आवाज विरला, तशी ती उठली आणि नेहमीच्या करड्या स्वरात म्हणाली, "अरे, बसलात काय सगळे? पोरीने भात खाल्ला आहे. तिला पाणी कोण पाजणार?"

मी पाण्याचे भांडे पुढे केले. चमचा मात्र तिने स्वतःच घेतला.